आपलं काय लिवलंय त्यात?



कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत ठाकुरवाडी नावाची वस्ती एकच एक नाही. डोंगराच्या कुशीत जिथे ठाकूर समाजाची दहा-वीस घरे, तिथे ठाकुरवाडी. अशाच एका वाडीत निवडणुकीच्या दिवसांत आमचे जाणे झाले. आम्ही ज्या घरी टेकलो त्या घराच्या कुडाच्या भिंतीला एक पत्रक चिकटवलेले होते. प्रचारासाठी नव्हे, तर कारवीच्या फटीतून वारा येतो म्हणून. घरातल्या आजींनी ते आमच्यासमोर सोडवून काढले आणि आठवीतल्या नातीच्या हातात दिले. म्हणाल्या, "वाच गं बाय, पाहुण्यांना ऐकव."

पोरीने धडा वाचावा तसे खड्या आवाजात वाचले. नाव, निशाणी, विकास, रस्ता, भव्य, दिव्य. आजींनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "समदं आयकलं. पण आपलं काय लिवलंय त्यात?"

पोरीने कागद उलटून पाहिला. पाठ कोरी होती.

आम्ही घरी परतलो तरी तो प्रश्न काही आमच्या मनातून जाईना. आजवर या देशात किती पत्रके निघाली, किती पुस्तिका छापल्या गेल्या. स्वातंत्र्याची चळवळ तर कागदावरच पसरली असे आपण मुलांना शिकवतो. मग त्या कागदांना ठाकुरवाडीच्या आजीने हाच प्रश्न विचारला असता तर कोणत्या कागदाला उत्तर देता आले असते? आज या स्तंभात आपण याचाच थोडा विचार करू.

सुरुवात जरा लांबून करतो. १७७६ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात एक लहानशी पुस्तिका निघाली. नाव 'कॉमन सेन्स', म्हणजे साधी अक्कल. लिहिणारा थॉमस पेन. पहिल्या आवृत्तीवर त्याचे नावही नव्हते. राजा हा देवाने नेमलेला नाही आणि एका बेटाने एका खंडावर राज्य करणे निसर्गाला धरून नाही, हे त्याने पंडिती भाषा टाळून बाजारातल्या माणसाला कळेल असे लिहिले. ती पुस्तिका लोकांनी खानावळीत, चौकात मोठ्याने वाचली. ज्याला अक्षर येत नव्हते त्याने ती कानांनी वाचली. सहा महिन्यांत, जुलै १७७६ मध्ये, इंग्रजांच्या तेरा वसाहतींनी स्वातंत्र्य जाहीर केले. एकट्या पुस्तिकेने हे केले असे नाही. कर, लष्कर, व्यापार अशी कारणे आधीपासून साठत आली होती. पण लोकांच्या मनात जे घोळत होते त्याला पेनने शब्द दिले.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू पाहा. स्वातंत्र्य मिळाले, पण त्या देशातला काळा माणूस गुलामच राहिला. कायद्याने त्याची सुटका व्हायला १८६५ साल उजाडले. सगळ्यांना माणूस म्हणणाऱ्या कागदात त्याच्यासाठी ओळ नव्हती. ही बाजू ज्याने नेमकी हेरली तो आपल्याच पुण्यातला माणूस होता. जोतीराव फुल्यांनी तरुणपणी याच पेनचे 'मानवी हक्क' वाचले होते. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी निग्रोंना दास्यातून मोकळे करण्यासाठी झीज सोसली. फुल्यांना अमेरिकेच्या स्वातंत्र्यापेक्षा तिथल्या गुलामाची सुटका अधिक मोलाची वाटली. राज्य कोणाचे, हा प्रश्न त्यांनी विचारलाच. पण राज्य बदलल्यावर शूद्रातिशूद्रांचे काय, हे त्याच्या आधी विचारले.

वाचकहो, कागदाची ताकद सरकारला आपल्याआधी कळली होती. १८६७ साली इंग्रज सरकारने कायदा केला की छापलेल्या प्रत्येक कागदावर छापखान्याचे नाव आणि ठिकाण असलेच पाहिजे. १८७० साली राजद्रोहाचे कलम आले. १८७८ साली देशी भाषांतल्या वृत्तपत्रांवर खास कायदा लादला गेला. इंग्रजी पत्रे त्यातून मोकळी होती. चार वर्षांनी तो मागे घ्यावा लागला, पण त्यातून सरकारची भीती कशाला होती ते दिसून आले. साहेबाच्या भाषेतल्या टीकेचे त्याला काही वाटत नव्हते. गावच्या पारावर वाचता येईल अशा टीकेचे वाटत होते.

१९०८ साली 'केसरी'तल्या लेखांबद्दल टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. त्यातल्या कित्येकांना 'केसरी' वाचता येत नव्हता. चाळीत एकाने वाचायचा आणि वीस जणांनी ऐकायचा. त्या गिरण्यांत आपली माणसेही होती, आणि विणखात्यात त्यांना शिरकाव नव्हता. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि तो विटाळेल अशी सबब होती. पुढे १९२० साली बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केला, तेव्हा त्याची साधी जाहिरात, पैसे देऊ करूनही, याच 'केसरी'ने छापली नाही. स्वातंत्र्य मागणाऱ्या कागदावर आपल्या कागदासाठी दोन बोटे जागा निघाली नाही. हे आम्ही रागाने लिहीत नाही, घडलेले सांगतो. ज्याला दुसऱ्याच्या कागदावर जागा नाही त्याला स्वतःचा कागद काढावाच लागतो. म्हणून ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला. शाहू महाराजांनी त्याला अडीच हजार रुपयांची मदत केली.

आपल्या रायगड जिल्ह्याचे, म्हणजे तेव्हाच्या कुलाब्याचे उदाहरण तर घरोघर ठाऊक आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा ठराव १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बोल्यांनी मांडला आणि तो पास झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. ठराव दप्तरात राहिला आणि तहान घशातच राहिली. त्यानंतर सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, रामचंद्र बाबाजी मोरे अशा कार्यकर्त्यांनी खटपट केली, गावोगाव हाक पोचवली, आणि २० मार्च १९२७ ला हजारो माणसे चवदार तळ्यावर चालत गेली. चौदाच दिवसांनी, ३ एप्रिलला, 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक निघाला. आधी पाय चालले, मागोमाग कागद आला, आणि त्या कागदाने डिसेंबरच्या दुसऱ्या परिषदेसाठी मने तयार केली. हा क्रम आपण ध्यानात ठेवला पाहिजे.

आता ठाकुरवाडीच्या डोंगराकडे वळू. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत काँग्रेसचे पुढारी पकडले गेले. वृत्तपत्रांवर बंधने आली. काय छापावे, काय छापू नये हे सरकार सांगू लागले. तेव्हा भूमिगत कार्यकर्त्यांनी दोन वाटा काढल्या. एक होती चोरटा रेडिओ. उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी २७ ऑगस्टपासून तो मुंबईत चालवला आणि १२ नोव्हेंबरला तो पकडला गेला. दुसरी वाट पत्रकांची. ही पत्रके सायक्लोस्टाइलवर निघत. मेण लावलेल्या कागदावर टाकाने किंवा टाइपरायटरने अक्षरे कोरायची, त्यावर शाईचा रूळ फिरवायचा आणि खाली कोरे कागद सरकवत जायचे. ना खिळे जुळवायला हवेत, ना छापखाना. एका खोलीत, बंद दाराआड, रात्रीतून काही शे प्रती निघत. तळाशी छापखान्याचे नाव नसे, कारण नाव टाकले की बेडी ठरलेली. असा कागद नुसता जवळ सापडला तरी तुरुंग होता. तरीही पिशवीच्या तळाशी, भाजीखाली, वहीच्या पानांत घालून तो फिरत राहिला. बायका आणि शाळकरी पोरे हे काम फार सफाईने करीत.

शहरात हे चालले. पण कर्जतच्या रानात काय? १९५१ च्या जनगणनेत देशात शंभरात १८ माणसेच साक्षर निघाली. दहा वर्षांनी, १९६१ साली, आदिवासींत तर शंभरात नऊसुद्धा भरली नाहीत. मग १९४२ साली ठाकूर-कातकऱ्यांच्या वाडीत पत्रक कोण वाचणार? तरी याच डोंगरात आझाद दस्ता उभा राहिला.

त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. या दस्त्याचे पुढारी विठ्ठल लक्ष्मण उर्फ भाई कोतवाल. जन्म १ डिसेंबर १९१२, माथेरानला, न्हावी समाजात. शिकून वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. पण १९४२ च्या आधीच या माणसाने डोंगरात दोन कामे केली होती. पावसाळ्यात घरातला दाणा संपला की सावकार धान्य द्यायचा आणि सुगीला त्याचे वाढीदिढीने वसूल करायचा. त्यावर भाईंनी धान्यकोठी काढली. गरजवंताला धान्य द्यायचे, पीक आल्यावर त्याने परत भरायचे. दुसरे काम शाळांचे. स्वयंसेवकांच्या बळावर त्यांनी वाड्यापाड्यांत शाळा चालवल्या.

म्हणजे बंडाची हाक येण्याआधी या डोंगरात दाणा आणि पाटी आलेली होती. हाक आली तेव्हा लोकांनी कागदावरची अक्षरे तपासली नाहीत, सांगणारा कोण ते पाहिले. पत्रक एकाने वाचायचे, बाकीच्यांनी शेकोटीभोवती ऐकायचे. पण ऐकून विश्वास बसायला आधी कोणीतरी त्या घरची चूल पाहिलेली असावी लागते.

सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या काळात आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. ही वीज कुठली? खालापूर तालुक्यातल्या खोपोलीला १९१५ साली टाटांचे वीजघर सुरू झाले, कर्जत तालुक्यात भिवपुरीला १९२२ साली. घाटावरची धरणे, खाली नळातून कोसळणारे पाणी, आणि वाड्यांच्या डोक्यावरून तारांनी मुंबईच्या गिरण्यांकडे जाणारी वीज. त्या तारांखाली राहणाऱ्यांच्या घरात तेव्हा चिमणी पेटत होती. युद्धाचा माल काढणाऱ्या गिरण्या आणि रेल्वे अडवायच्या म्हणून दस्त्याने मनोरे पाडले. पण आपल्या डोंगरातून निघून आपल्याला न मिळणारी वीज काय असते, हे सांगायला ठाकुरवाडीला कुठल्याच पत्रकाची गरज नव्हती. ते रोज डोक्यावर दिसत होते.

पुढे सरकारने रान पिंजून काढले. २ जानेवारी १९४३ ला पहाटे सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी दस्त्याला गाठले. भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील तिथे हुतात्मा झाले. भाईंचे वय तेव्हा अवघे ३० होते. रानात इतके दिवस तग धरायचा तर कोणीतरी भाकरी पोचवावी लागते, वाट दाखवावी लागते, आणि विचारायला आलेल्या शिपायापुढे तोंड मिटून बसावे लागते. अशी कामे करणाऱ्यांची नावे पत्रकांवर येत नाहीत.

इथे आपल्यातला कोणी वाचक विचारील, आणि त्याने विचारलेच पाहिजे, की त्या वेळी बाबासाहेब कुठे होते? उत्तर सरळ द्यावे. बाबासाहेब 'चले जाव'च्या चळवळीत नव्हते. जुलै १९४२ मध्येच नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली आणि त्याच महिन्यात बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री म्हणून काम हाती घेतले. त्यावरून त्यांना नावे ठेवणारे तेव्हाही होते, नंतरही झाले. पण कामगाराचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ साली झाली, तिची मांडणी याच खात्यात झाली. इंग्रज जावा असे बाबासाहेबांनाही वाटत होते. पण त्यांचा सवाल ठाकुरवाडीच्या आजीचाच होता: तुमच्या स्वराज्याच्या कागदात आमचे काय लिहिले आहे?

आणि तो सवाल त्यांनी स्वतः कागदावरच मांडला. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावले आणि भाषण आधी वाचून पाहून परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी ते न झालेले भाषण स्वतःच्या खर्चाने छापले. पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या. सभा नाकारली म्हणून विचार अडला नाही. उलट सभेला जेवढी माणसे आली असती त्याच्या कितीतरी पट लोकांपर्यंत तो पोचला.

म्हणून भाई कोतवालांचा आदर आणि बाबासाहेबांची वाट, यांतले एक धरायचे तर दुसरे सोडायचे असे आम्हाला वाटत नाही. न्हाव्याच्या घरातला पोरगा वकील होतो, सावकारापुढे धान्याची कोठी उभी करतो आणि रानात गोळी खातो, त्याच्यापुढे आम्ही मान लववतो. आणि परका गेल्यावर घरचा मालक आमच्या मानेवर बसणार नाही याची लेखी हमी मागणारा आमचा बाप होता, याचाही आम्हाला अभिमान आहे. ती हमी त्याने शेवटी स्वतःच्या हाताने लिहिली. २६ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेने संविधान स्वीकारले. अस्पृश्यता संपवणारे कलम १७ त्यात आहे, आणि आदिवासींसाठी पाचवी अनुसूचीही.

आता घरातली गोष्ट. इतका इतिहास सांगून आमच्या मायबहिणींच्या हाती काय द्यावे? चार साध्या गोष्टी सांगतो.

पहिली, घरात आलेला कागद मोठ्याने वाचावा. वाचता येणाऱ्या मुलाने वाचावा, आजी-आजोबांनी ऐकावा. मुलाचे वाचन सुधारते आणि आजीचा प्रश्न मुलाच्या कानावर पडतो. आपल्याकडे जलसे होते तेव्हा हेच काम गाण्यातून होई. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी बाबासाहेबांचा विचार अक्षर न येणाऱ्यांच्या ओसरीवर नेऊन ठेवला.

दुसरी, कागदाचा तळ पाहावा. १९४२ च्या पत्रकावर छापणाऱ्याचे नाव नसे, कारण त्याला तुरुंगाची भीती होती. आजच्या निवडणूक पत्रकावर नाव नसेल तर तो गुन्हा आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातले कलम १२७-अ सांगते की निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचे नाव-पत्ता हवाच. नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. जातीजातींत, धर्माधर्मांत आग लावणारा कागद बहुधा निनावीच असतो. ज्याला आपले नाव लावायची लाज वाटते त्याचे आपण का ऐकावे? मोबाइलवर येणाऱ्या निरोपांनाही हीच कसोटी लावा. कोणी लिहिले ते कळत नसेल तर पुढे पाठवू नका. तथागतांनी कालामांना सांगितलेच आहे, केवळ ऐकीव आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या.

तिसरी, सांगणाऱ्याची कोठी पाहावी. त्याने आधी काय केले? अडल्या वेळी दाणा दिला का, शाळेसाठी धावला का? कोठी नसलेल्याचे पत्रक कितीही गुळगुळीत कागदावर छापलेले असो, ते कुडाच्या फटीलाच ठीक.

चौथी, आपले कागद जपून ठेवावेत. धम्म मेळाव्याचे पत्रक, वस्तीतल्या नळाच्या मोर्चाचे निवेदन, वडिलांनी जपलेला 'जनता'चा किंवा 'प्रबुद्ध भारत'चा अंक, रद्दीत देऊ नका. एका पिशवीत तारीख टाकून ठेवा. उद्या कोणी विचारील, तुम्ही तेव्हा काय केले? तेव्हा दाखवायला काहीतरी हवे.

वाडीतून निघताना त्या नातीने आम्हाला विचारले, "तुम्ही लिवता ना? मग आमचं लिवा." पत्रकाची कोरी पाठ तिने आमच्यापुढे धरली आणि कंपासपेटीतली पेन्सिल काढून दिली. आम्ही ती तिलाच परत दिली. म्हटले, "बाळ, तू लिही. आजी सांगतील, तू लिही."

तिने ओट्यावर बसून, आजीला विचारत विचारत, तीन ओळी लिहिल्या. उन्हाळ्यात विहीर आटते. पावसात पोरांना ओढा ओलांडता येत नाही. वनजमिनीच्या दाव्याचा कागद कचेरीतून अजून आलेला नाही. आजींनी तो कागद पुन्हा कुडाला लावला, पण या वेळी छापील बाजू आत आणि पेन्सिलीची बाहेर. पुढच्या खेपेला मते मागायला जो येईल त्याला आधी तो वाचावा लागेल.

जयभीम!